एका शब्दाचे वाटेकरी

फरशी पांढरी होती आणि तिच्यावर फिकट निळी फुलं होती. न्हाणीघराला लावतात तसली. विहाराच्या अभ्यासिकेत उजव्या हाताच्या भिंतीला, जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत ती लागून झाली होती. वर उरलेल्या काळ्या भागावर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलेली तीन अक्षरं अजून दिसत होती. जी, ई, टी. गेट. दरवाजाचं नव्हे, इंग्रजीतलं ते क्रियापद, ज्याचा अर्थ विचारला की मास्तर मंडळी 'मिळणे' एवढं सांगून मोकळी होतात आणि शिकणारा जन्मभर ठेचकाळत राहतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला न काढताच मी आत शिरले होते, हेसुद्धा फरशी लावणाऱ्या मिस्तरीनं सांगितल्यावर कळलं.

सकाळी शबानानं मोबाइलवर फोटो पाठवला होता. शबाना माझी लहानपणची मैत्रीण, आमच्या वस्तीला लागून असलेल्या गल्लीतली. आता एका लॅबमध्ये रक्त तपासते. फोटोखाली एवढंच होतं, 'देख, अपनी भिंत जा री.' रविवार होता. सिडकोतल्या माझ्या घरून रिक्षा केली आणि वस्तीत पोचेपर्यंत मी मनातल्या मनात विहाराच्या कमिटीतल्या एकेकाशी भांडून घेतलं. पोचल्यावर समोर सापडला तो बिचारा मिस्तरी. त्याला मी विचारलं की ही भिंत काय आहे हे तुला ठाऊक आहे का. त्यानं थापी खाली ठेवली नाही.

"बाई, मला बोलून काय व्हणार? ज्यायनी लावायला सांगितलं त्यायला बोला."

मग तो वाळू आणायला बाहेर गेला आणि मी एकटीच त्या खोलीत उभी राहिले. ओल्या सिमेंटचा वास होता. त्याच्या खालून जुना वास येत होता, भिंतीच्या ओलीचा, विझलेल्या अगरबत्तीचा, सतरंजीच्या धुळीचा. हा वास मी वीस वर्षांत दुसरीकडे कुठेच घेतलेला नाही.

सकाळी सहाला वंदना आणि सव्वासहाला इंग्रजी, असा माझ्या शाळेच्या दिवसांतला इथला क्रम. वंदनेचे शेवटचे शब्द आणि पलीकडच्या मशिदीतल्या चिमण्यांचा कालवा एकात एक मिसळलेला असायचा. शेजारच्या चक्कीवर पहिलं दळण पडायचं आणि ज्वारीच्या गरम पिठाचा वास खिडकीतून आत यायचा. उपाशीपोटी तो वास फार छळायचा. आम्हाला शिकवणाऱ्या प्रज्ञाताई ओल्या केसांची वेणी घालून, छातीशी फाइल धरून यायच्या. त्या इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, पुढे बी. एड.सुद्धा केलेलं, आणि दुपारच्या पाळीला शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगवर. नोकरीच्या अर्जांची ती फाइल त्या सगळीकडे बरोबर घेऊन हिंडायच्या. वय अठ्ठावीसेक असेल. आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे, म्हणजे आमच्या लेखी त्या मोठ्या बाईच होत्या.

फी नव्हती. अट एकच होती, शिकून कामाला लागलात की वर्षभर इथं येऊन खालच्या पोरांना शिकवायचं. सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं मी.

ती भिंत झाली एका जयंतीच्या दिवशी. जयंतीला आमच्याकडे मिरवणूक असते, ढोल असतो, गल्लीभर निळे झेंडे असतात, ते सगळ्यांना दिसतं. अठरा तासांचा अभ्यास असतो तो फारसा कुणाला दिसत नाही. सकाळी सहाला पुस्तक उघडायचं ते थेट मध्यरात्रीच मिटायचं. त्या वर्षी ताईंनी पुस्तकंच उघडू दिली नाहीत. म्हणाल्या, आज अठरा तास एकच शब्द. आम्हाला गंमत वाटली. दुपारच्या खिचडीपर्यंत गंमत संपली होती, कारण तो शब्द संपेचना. मिळणे म्हणून लिहावा तर तो आणणे निघायचा, आणणे म्हणावा तर पोहोचणे, होणे, कळणे, पुढे एखादा बारका शब्द लागला की उठणे, उतरणे, निसटणे. आम्ही रडकुंडीला आलो. तेव्हा ताईंनी वाटणी केली.

"शब्द मोठा असला की एकट्याला उचलत नाय," त्या म्हणाल्या, "वाटून घ्यायचा."

भिंतीवर वर तो शब्द रंगवला, खाली त्याचे अर्थ, आणि एकेक अर्थ एकेकाच्या नावावर. राहुलचं घर नळाला लागून, म्हणून 'मिळणे' त्याचं. त्याचं वाक्य होतं, 'वुई गेट वॉटर ऑन थर्सडे.' गुरुवारी पाणी आलं नाही की ताई त्याला फळ्यासमोर उभं करून वाक्य दुरुस्त करायला लावायच्या. शबानाला 'कळणे'. 'आय गेट इट,' असं ती बहुतेक काहीच कळलेलं नसताना म्हणायची. रोज उशिरा येणाऱ्या सागरला मुद्दाम 'उठणे'. आणि माझ्या वाट्याला 'रागावणे'. गेट अँग्री. मी तिथल्या तिथं भोकाड पसरलं. म्हटलं, मला हा अर्थ नको, मला 'पोहोचणे' द्या.

"तुझ्याकडं तो आयताच हाय, भांडकुदळे," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याला दिला तर त्याला शिकावा लागंल."

आता नियम असा, की ज्याचा अर्थ त्याचा. तो वापरायचा तर मालकाकडे बघून, त्यानं मान हलवल्यावरच वापरायचा. मालक गैरहजर असला तर त्या दिवशी तो अर्थही गैरहजर. सागर आला नाही की इंग्रजीत कुणी उठायचं नाही. शबाना मावशीच्या लग्नाला जालन्याला गेली, तेव्हा तीन दिवस वर्गात कुणालाही काही कळलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटला असता, पण त्या खेळापायी पोरं तापातसुद्धा वर्गाला यायची. आपण नसलो तर बाकीच्यांचं अडतं, हे आम्हाला त्यापूर्वी कुणी सांगितलंच नव्हतं.

पाणी आलं की मात्र वर्ग मोडायचा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही, आणि आलं तर वेळेचा पत्ता नाही. गल्लीतून 'आलं, आलं' असा पुकारा झाला की आम्ही वह्या टाकून हंड्यांकडे पळायचो. ताईही पदर खोचून रांगेत. रांगेत उभ्या उभ्या त्या विचारायच्या, कुणाला काय मिळालं, कुणी काय आणलं, कोण भिजलं. इंग्रजीत उत्तर दिल्याशिवाय हंडा पुढे सरकू द्यायच्या नाहीत. मागच्या बायका करवादायच्या. माझी आई तर सरळ म्हणायची, प्रज्ञे, आधी पाणी भरू दे, मग साहेब कर माझ्या पोरीला.

उन्हाळ्यात कूलरच्या गवताचा ओला वास, पत्र्याची काहिली, दहा वाजताच पांढरं झालेलं ऊन. पावसाळ्यात ही भिंत पाझरायची आणि अक्षरांच्या कडेनं पाण्याचे ओघळ उतरायचे. थंडीत गावाहून, लासूर स्टेशनहून, माझी आजी यायची ती धडप्यात हुरडा बांधून; आम्ही तो सतरंजीवर गोल बसून खायचो आणि ताई म्हणायच्या, खाताना तरी मराठीत बोला, नाहीतर ठसका लागंल.

बारावीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला मी गेले ती पूर्ण तयारीनं. समोर दोन परीक्षक. त्यांतल्या एकानं हसून सोपा प्रश्न विचारला, सकाळी तू किती वाजता उठतेस. त्यात आमचा शब्द होता, आणि उठण्याचा होता. मी सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. मग मी जे खरं होतं ते सांगून टाकलं, 'सर, दॅट इज सागर्स.' ते सागरचं आहे. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं विचारलं, सागर कोण? मी म्हटलं, आमच्या गल्लीतला मुलगा. त्यावर दोघांचे चेहरे जे झाले ते आठवून मला आजही संताप येतो. पोरीच्या तोंडून मुलाचं नाव आलं की या लोकांना एवढंच सुचतं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या विहाराच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाला आल्या त्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन. भिंतीवरच्या प्रत्येक अर्थाखाली त्यांनी आम्हा सगळ्यांची नावं लिहिली. दीड तास लागला. शेवटी पाठ चोळत म्हणाल्या, "आता सगळ्यायचं सगळं. कुठंबी जा, कुणाकडं बघायचं काम नाय."

मी खरंच कुणाकडे बघितलं नाही. बी. ए. केलं, बी. एड. केलं, आणि शहराच्या बाहेर नव्यानं निघालेल्या एका इंग्रजी शाळेत लागले. पिवळ्या बसेस, काचेची दारं, पालकांच्या मोटारी. तिथल्या स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात मला माझं गाव विचारण्यात आलं. आडनाव विचारायची हिंमत नसली की लोक गाव विचारतात, गावानं भागलं नाही की कुलदैवत विचारतात. हजेरीपटावर मी आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावत होते. मी सांगितलं, लासूर स्टेशन. कुलदैवताच्या प्रश्नाला हसून बाजूला झाले. राहायला कुठे? सिडकोत. वस्तीतलं घर सोडून तेव्हा मला चार महिने झाले होते, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. आईकडे मी अंधार पडल्यावर जायचे, आणि उभ्या उभ्या परत यायचे. विहारात शिकवायचं ते एक वर्ष या वर्षी, पुढच्या वर्षी असं करत कायमचं राहून गेलं.

याहून लाज वाटावी असं पुढे आहे. ताईंची वाटणीची रीत मी माझ्या वर्गात वापरली. एक शब्द, वर्गभर वाटेकरी. तपासणीला आलेल्या पाहुण्यांना ती इतकी आवडली की त्यांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली. मी म्हटलं, अशीच सुचली.

आणि मग चार वर्षांपूर्वी ताई त्या शाळेत आल्या. कारखान्यातलं काम सुटलं होतं. इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, ती वर्तमानपत्रात वाचून आल्या. मी तिथं आहे हे त्यांना माहीत नसावं. फिकट गुलाबी कॉटनची इस्त्रीची साडी, आणि छातीशी तीच फाइल. त्यांनी पाचवीच्या वर्गावर नमुना पाठ घेतला. शब्द अर्थातच तोच. दहा मिनिटांत पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत असल्यासारखी बोलायला लागली. मी मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसले होते. ताईंनी मला बघितलं होतं. त्यांना झालेला आनंद मला त्यांच्या डोळ्यांत दिसला, आणि मी वहीत मान घातली.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघीच होतो. मॅडम, ताई आणि मी. मॅडमनी फाइल चाळली, मग माझ्याकडे वळून सहज आवाजात विचारलं, "तू ओळखतेस का यांना?"

मी म्हटलं, "नाही."

एवढाच शब्द. त्याला दुसरा अर्थ नाही. मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नाही, आमची ओळख नाही." अगदी पुस्तकी मराठीत. मग फाइल उचलली, नमस्कार केला आणि गेल्या. मॅडम म्हणाल्या, शिकवतात छान, पण उच्चार आपल्या पालकांना चालायचे नाहीत. मी मान हलवली. त्यांचे उच्चार म्हणजे माझेच उच्चार होते, मी ते घासून घासून पुसले होते, इतकंच.

त्या दिवसापासून माझा राग असा भरकटलेला आहे. रिक्षावाल्यावर निघतो, भाजीवालीवर निघतो, पोरांच्या वह्यांवर लाल शाईत निघतो. आज फरशी लावणाऱ्या मिस्तरीवर निघाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

वाळूचं घमेलं घेऊन मिस्तरी परत आला आणि त्याच्या मागून ताई आल्या. केस बरेचसे पांढरे झालेत. बरोबर सात-आठ पोरं होती, दोघंतिघं खोकत होती. मला बघून त्या थबकल्या, मग हसल्या. तरी माझ्या तोंडातून आलं ते भांडणच. म्हटलं, ताई, आपली भिंत जाते आहे आणि तुम्ही गप्प बसलात? कमिटीला कुणी विचारत नाही का?

"कमिटीनं नाय, मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "भिंतीला ओल हाय. पोरायला खोकला व्हतो. तुमी बसा ना, उभ्या का?"

तुमी. जिनं मला भांडकुदळी म्हणून वाढवलं ती बाई मला अहोजाहो करत होती, आणि टोमणा मारण्यासाठी नव्हे, खरोखर परक्या माणसाला करावं तसं. मी म्हटलं, ताई, मला तू म्हणा.

"जिभंवर येत नाय आता," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांनी पोरांना बाहेर ओट्यावर बसायला पाठवलं. मी तिथंच, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर बसले आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही ओळख नाही असं का म्हणालात. मला वाटत होतं त्या म्हणतील, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. तेवढं ऐकलं असतं तरी मला पुष्कळ झालं असतं.

"तुमी नाय म्हणल्या. मग मी काय तुमाला खोटं पाडायचं? त्यासाठी नव्हते आले मी. नोकरीला आले व्हते."

मी भिंतीकडे पाहिलं. जी आणि ईच्या खाली आमची नावं होती, ती फरशीखाली गेली होती. मी म्हटलं, माझं एक वर्ष राहिलंय, उद्यापासून शिकवायला येते. ताई म्हणाल्या की आता चार पोरी शिकवतात, सगळ्या इथंच शिकलेल्या, वर्गाला माणूस कमी नाही. त्या मला हाकलत नव्हत्या, जे होतं ते सांगत होत्या. मी हट्टानं विचारलं, मग मी करू तरी काय?

"तिथं सांगा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सांगितलं नाय, ते."

सोमवारी मी पहिल्या तासाआधीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, मराठीत आणि इंग्रजीत, ती सगळी दारातच विसरले. उभ्यानंच सांगितलं. चार वर्षांपूर्वी पाठ घ्यायला आलेल्या त्या बाई माझ्या गुरू. मी त्याच वस्तीतली, त्याच विहारात शिकलेली. मला येतं ते सगळं इंग्रजी त्यांचं. पोरांना अर्थ वाटून द्यायची रीतसुद्धा त्यांचीच. मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. आवाज चढलेला होता, कारण आता मॅडम काही वाकडं बोलणार आणि मी त्यांना चार शब्द सुनावणार, अशी माझी तयारी होती. नोकरीवर पाणी सोडायचीही तयारी होती.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"अगं, तू त्या वस्तीतली हे मला तू लागलीस तेव्हापासून माहीत आहे. तुझ्या दाखल्यावरच होतं की, आणि त्यांच्या अर्जावरही तीच वस्ती, विहारातले वर्ग. म्हणून तर त्या दिवशी तुला विचारलं. म्हटलं, उच्चारांचं बघून घेऊ, तू शब्द टाकलास तर घेऊन टाकावं त्यांना."

त्या खरं बोलत होत्या की आता चांगुलपणा मिरवत होत्या, ते मला कळायला मार्ग नव्हता. ते विचारायचा अधिकारही उरला नव्हता. त्या दिवशी त्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि तिघींनाही खरं माहीत होतं. उठून बाहेर गेल्या त्या एकट्या ताई.